तुमच्या बाबांच्या रक्तवाहिन्या

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, बाबांचे पाइप चुकीचे होते म्हणून आजोबा गेले ना?" थोरल्याने तिला कोपराने ढोसलं. तुमचे बाबा मागे ओट्यापाशी कॉफी करत होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती जराही हलली नाही. मी म्हटलं, "नाही गं," आणि कॉल तुटला. नंतर मी लाइट गेल्याचा मेसेज पाठवला. लाइट गेली नव्हती. फोन मी बंद केला होता.

तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं आहे. जळगावच्या शाळेत जन्मभर मी तेच शिकवलं. पण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही ते आपल्या खोलीत बसून आपापलं वाचाल. मराठी तुम्हाला अडखळत येते, त्यामुळे हे बाबांकडूनच वाचून घ्यावं लागेल. मला तेच हवं आहे. त्यांना सांगा, मोठ्याने वाचा आणि मधलं काही गाळू नका. कुठे गाळलं ते आजीला कळतं.

आजोबांना तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. असोद्याला आपला केळीचा मळा आणि घर जळगावात. सकाळी मोटरसायकलवर मळ्यात जायचे, दुपारी एक वाजता जेवायला घरी. मी घड्याळ त्यांच्या मोटरसायकलच्या आवाजावर लावू शकले असते. त्यांच्या पायावर सूज यायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, मळ्यात उभं राहून येत असेल. मग पोट वाढलं. मग एके दिवशी ते असोद्याचा रस्ता चुकले. ज्या रस्त्याने ते साठ वर्षं गेले, त्याच्या फाट्यावर मोटरसायकल थांबवून ते उभे होते. ओळखीच्या एकाने घरी आणून सोडलं.

लिव्हर आक्रसलं आहे, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. मधुमेह आणि लिव्हरवर साठलेली चरबी, दोन्ही मिळून वर्षानुवर्षं आतून काम करत होतं. आजोबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण लिव्हर म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचत नाही. आपल्या किराणावाल्याने मला हळूच विचारलं, "बाई, आबा गुपचूप घेत होते की काय?" मी म्हटलं, "हो ना, तुमच्याच दुकानातली साखर." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. गाडी तुमच्या आत्याने चालवली. आत्या सावद्याला दिलेली, पण आजोबांच्या आजारपणात तिचा मुक्काम अर्धा आमच्याकडेच असे. पहाटे निघालो. धुळ्याला माझ्या भावाकडे चहा घेतला, भावजयीने डब्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी बांधून दिल्या, आणि दुपारी आम्ही त्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. म्हणजे आजोबा आणि मी बसलो होतो. खुर्च्या दोनच होत्या. आत्या आमच्या मागे फाइल धरून उभी होती. ती फाइल मीच लावलेली, तारखेनुसार, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून. डॉक्टरांनी ती पाहून कौतुक केलं, आणि मला अशा वेळीही बरं वाटलं.

ते म्हणाले, लिव्हर बदलावं लागेल. मेलेल्या माणसाचं मिळेपर्यंत यांना वेळ आहे की नाही सांगता येत नाही. जवळच्या नातेवाइकाने आपल्या लिव्हरचा भाग दिला तर ते उत्तम, देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा भरतं. तुमचं वय आणि रक्तगट दोन्ही बसत नाही. मुलं किती?

मी म्हटलं, "एक मुलगा आहे. परदेशात असतो."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, एक मुलगा. मी ते उलट्या बाजूने वाचलं. विद्यार्थ्यांचं उलट्या बाजूने वाचायची मला सवय आहे. लिहिलेल्यात चूक असली की माझा हात लाल पेनकडे जातो. त्या दिवशी गेला नाही.

मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. आमच्याकडे देण्याघेण्याच्या बाबतीत मुलीला मोजतच नाहीत, आणि मी न मोजता बोलून गेले. मागे उभी असलेली आत्या डॉक्टरांना सून वाटली असावी. परतीच्या वाटेवर, घाट चढून आल्यावर, तिने एवढंच विचारलं, "आई, एसी कमी करू का?"

आता तुम्हाला एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेकीचं लग्न झालं की आईवडील तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. तिला मूल झालं की चालतं. काही घरांत मुलगाच व्हावा लागतो. माझं माहेर धुळ्याचं, मूळ गाव सोनगीर. माझे वडील मला भेटायला जळगावला यायचे तेव्हा सोनगीरच्या तांबटाने घडवलेला फिरकीचा तांब्या बरोबर आणायचे. फिरकीचं झाकण असतं त्याला, प्रवासात पाणी सांडत नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून ते स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे. मी भरलेला पेला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे आणि मग तो मोरीत ओतायचे. तुमची आत्या झाली, तरी तांब्या येतच राहिला. चार वर्षांनी तुमचे बाबा झाले. त्या दिवशी वडिलांनी पेढा खाल्ला आणि माझ्या हातून पेला घेतला. सगळे हसले. मीही हसले. आत्या तेव्हा माझ्या पदराला धरून उभी होती.

वडील गेल्यावर तो तांब्या माझ्याकडे आला, आणि आत्याचं लग्न झाल्यावर आजोबा तोच घेऊन सावद्याला जाऊ लागले. तिला मूल झालं नाही, त्यामुळे तांब्या सुटला नाही. सावद्याला केळीवाल्यांचं मोठं घर, मागे विहीर, तिचं पाणी गोड. आत्याचे यजमान स्वभावाने मोकळे. ते दर वेळी चिडवायचे, "आबा, आमच्या विहिरीत काय औषध कालवलंय का?"

आजोबा म्हणायचे, "विहीर चांगली आहे, जावईबापू. मीच जुना आहे."

आणि मी? मी आत स्वयंपाकघरात आत्याच्या हातचा चहा घ्यायचे, आजोबांच्या नजरेआड. शिकलेल्या बाईला एवढी सूट मी स्वतःच दिली होती. पण बाहेर ओट्यावर, चारचौघांत, मी कधी पेला हातात घेतला नाही.

असो. मुंबईहून आल्यावर तुमच्या बाबांना कळवलं. ते म्हणाले, "येतो." पण येतो म्हणजे रजा मिळायला, कामाची सोय लावायला दीड महिना गेला. आल्यावर पहिल्या तपासणीत त्यांच्याही लिव्हरवर थोडी चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वजन उतरवा, मग पाहू. ते महिनाभर जळगावात होते. मुलांनो, तुमच्याशिवाय होते म्हणून तुम्हाला तो महिना वाईट गेला असेल. मला मात्र तो महिना अजून पुरतो आहे. रोज सकाळी ते आणि आजोबा चालायला जात. आजोबा दोन घरं चालून कुणाच्या तरी कट्ट्यावर बसत, आणि बाबा त्यांना मध्यावर ठेवून पुढेमागे चकरा मारत. शेजारचे काका विचारायचे, "काय रे, बापाला राखतो का वजन राखतो?" मी बिनतेलाची वांगी करत होते. खानदेशात बिनतेलाची वांगी म्हणजे काय ते बाबांना विचारा. त्यांनी महिनाभर ती कुरकुर न करता खाल्ली.

मग रक्तवाहिन्यांचं स्कॅन झालं. हातातून औषध सोडून लिव्हरच्या आतल्या सगळ्या शिरा आणि धमन्या त्यात पाहतात. पडद्यावर ते चित्र मी पाहिलं. पानगळ झालेलं झाड दिसतं तसं होतं. माझ्या मुलाच्या आतलं झाड. मला ते सुंदर वाटलं. डॉक्टर मात्र एकाच फांदीवर पेनचं टोक पुन्हा पुन्हा फिरवत होते.

ते म्हणाले, लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी, आणि एक आतड्यांकडून येणारी मोठी शीर. दोन्हींना उजवीकडे आणि डावीकडे फांद्या फुटतात. उजवा भाग काढून द्यायचा तर उजव्याच्या फांद्या उजवीकडून आणि डाव्याच्या डावीकडून निघालेल्या हव्यात. तुमच्या मुलाची उजव्या भागातली एक मोठी फांदी डाव्या शिरेतून निघून आतून वळून येते. आणि मागे राहणाऱ्या भागाची धमनी उजवीकडून जाते.

मी वहीत लिहून घेत होते आणि मला अर्धं कळत होतं. आजोबा तेव्हा बरेचदा गुंगीत असायचे, पण त्या क्षणी ते ताठ बसले.

"म्हणजे आमच्या असोद्याच्या मळ्यासारखं," ते म्हणाले. "दोन भावांत वावर वाटायला काढलं, पण पाण्याची मेन लाइन याच्या वावरातून त्याच्यात अन् त्याच्यातून याच्यात. कुठेही कापा, एकाची केळी वाळणार."

डॉक्टर हसले. "आबा, मी अर्धा तास समजावलं असतं, तुम्ही दोन वाक्यांत सांगितलं."

"मग आम्ही काय केलं, माहीत आहे? वाटणीच केली नाही."

तुमचे बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टर, जोडता येत नाही का? मी वाचलंय, जोडतात."

"जोडतात. एक गोष्ट असती तर मीही विचार केला असता. इथे दोन्ही आहेत, आणि तुमचा डावा भाग मुळात लहान आहे. धोका तुम्हाला आहे."

"माझी तयारी आहे. मी सही करतो."

"तुमची सही होईल हो. माझी होणार नाही." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "यात दोष काही नाही. अशा रचनेची खूप माणसं असतात आणि म्हातारी होऊन जातात, त्यांना कधी कळतही नाही. तुमच्या शिरा जगायला उत्तम आहेत. फक्त वाटायला नाहीत."

हे वाक्य बाबांनी तुम्हाला सांगितलं नसेल. ते बोललं गेलं तेव्हा मी तिथे होते. माझ्या वहीत ते आहे.

आणखी एक सांगते, जे वहीत नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता याला कापणार नाहीत. सुटकेचा श्वास होता तो. माझा नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याची वाट बंद झाली होती, आणि मी श्वास सोडला. तो क्षणभरच होता, पण होता.

बाबांची रजा संपली होती. ते मुंबईहूनच विमानाने गेले. जाताना त्यांनी आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचललं नाही. आजोबा म्हणाले, "अरे, विमान जाईल."

आम्ही जळगावला आलो आणि वाट पाहू लागलो. कशाची, ते कुणी बोलत नव्हतं. तीन आठवडे गेले. एका दुपारी आत्या माझ्याबरोबर मेथी निवडत बसली होती, आजोबा आरामखुर्चीत होते. मेथीवरची नजर न काढता ती म्हणाली, "आबा, माझी तपासणी करू."

आजोबा जागे होते. रागावले किंवा गहिवरले की ते असोद्याची बोली बोलत. "तुह्या घरचं पानी मी घेत नही वं पोरी. अन् लिव्हर घेऊ?"

"मग पाणी घ्या आधी."

एवढं ती कधी बोलली नव्हती. मी मेथी निवडायची थांबले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ते नेहमी माझ्याकडे असंच पाहायचे, शिकलेली बायको काय म्हणते म्हणून. मी त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जावईबापूंना विचारायला हवं."

जावईबापू दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "आबा, मला काय विचारता? पोरगी तुमची आहे. मी नुसती सांभाळायला नेली होती."

आजोबा रडले. मी त्यांना तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं.

आत्याचं स्कॅन झालं. या वेळी खुर्च्या तीन होत्या. एक मी बाहेरून ओढून आणली. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. एक मोठी शीर, तिला उजवीकडे एक फांदी, डावीकडे एक. एक धमनी, तिचंही तसंच. कुठे वळण नाही, कुठे अदलाबदल नाही. डॉक्टर खुश होऊन म्हणाले, "पुस्तकात काढतात तशी रचना आहे. तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

आत्या हसून म्हणाली, "इथेच होते, डॉक्टर. मागे, फाइल धरून."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. त्यांनी आपल्या जुन्या कागदावर नजर टाकली, जिथे एक मुलगा असं लिहिलं होतं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत होते.

पुढे कागदपत्रं, समितीची परवानगी, ऑपरेशनची तारीख. तारखेला दोन आठवडे असताना आजोबांच्या पोटात साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला. त्यांना जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. मुंबईचे डॉक्टर फोनवर म्हणाले, हा उतरू दे, मग लगेच घेऊ. त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं, दिवसाला एवढेच पेले. ते काम माझ्याकडे. मी खुणा करून ठेवत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीत होते. मी पेला पुढे केला. त्यांनी मान हलवली. आत्याला म्हणाले, "हे नको. तुह्या घरचं आन."

ती उठली. माझ्या घरातून तांब्या घेतला, गाडी काढली, सावद्याला गेली, विहिरीचं पाणी शेंदून, उकळून, गार करून, तांब्यात भरून परत आली. दुपार झाली होती. नर्स म्हणाली, "आजचं पाणी संपत आलंय, दोनच घोट द्या." आत्याने झाकणाची फिरकी काढली आणि तांब्या त्यांच्या ओठाला लावला. ते दोन घोट प्यायले. मग म्हणाले, "गोड आहे वं." दुपारभर ते कुणाकुणाला सांगत होते, वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मामांनासुद्धा, की लेकीच्या विहिरीचं पाणी गोड आहे.

त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

सगळं आटोपल्यावर, तुमचे बाबा येऊन परत गेल्यावर, मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. विचारलं, मुलीची तपासणी पहिल्याच भेटीत झाली असती तर? ते टाळत होते. मी म्हटलं, "मला उत्तर हवं आहे." ते म्हणाले, "खात्री कशाचीच देता येत नाही. पण तेव्हा त्यांची तब्येत ऑपरेशन सोसण्याजोगी होती."

तर हे असं आहे. बाबांना वाटतं, त्यांनी रजा लवकर घेतली नाही, वजन उतरवण्यात महिना घालवला, आणि शेवटी शिराही कामाच्या निघाल्या नाहीत. ते मला कधी असं म्हणाले नाहीत, पण तीन वर्षं ते घरी आलेले नाहीत. दर वेळी काहीतरी कारण असतं, आणि मी दर वेळी ते मान्य करते. ते सगळे महिने त्यांनी घालवले नाहीत. ते मी घालवले, एका वाक्यात. मुलं किती, या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं आणि मी ते चुकीचं दिलं. आत्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने ते तुमच्या बाबांना सांगितलं नाही, मलाही कधी ऐकवलं नाही. मागच्या महिन्यात मीच तिच्याकडे विषय काढला, तर म्हणाली, "आई, तू त्याला सांग. माझं राहू दे."

म्हणून मी हे लिहिते आहे.

तांब्या आता सावद्याला असतो. मी तिथे गेले की ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पेला भरून पाणी पिते. जावईबापू म्हणतात, "आई, विहीर आटवता काय?" आत्या आत असते. ती बाहेर येऊन पाहत नाही, पण भांड्यांचा आवाज थांबतो.

बाबा वाचता वाचता थांबले असतील तर त्यांना घाई करू नका. त्यांना पाणी द्या आणि शेजारी बसा. उरलेलं थोडंच आहे.

तुमची सुट्टी जूनमध्ये लागते ना? त्या सुट्टीत या. आईला घेऊन, चौघंही. बाबांची खोली मी आहे तशी ठेवली आहे, फक्त पंखा नवा बसवला. वांगी भरपूर तेलात करीन. आणि मुंबईहून टॅक्सी ठरवू नका. तुम्हाला घ्यायला आत्या येणार आहे. रस्ता तिला पाठ आहे.